गणपतीनंतर उभी राहिलेली गाडी शिमग्याला चालू व्हावी म्हणून: ई२० पेट्रोल आणि पडून राहणारी इंजिनं

कोकणात चाकरमान्यांच्या गाड्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. गणपतीला गाडी बाहेर निघते, आठ-दहा दिवस पळते आणि मग पडवीत उभी राहते ती थेट शिमग्याला. मधले सहा महिने तिच्याकडे कोणी बघत नाही. शिमग्याला किक मारून मारून पाय दुखतो, बॅटरी बसते, शेवटी गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्यावी लागते. तिथे ऐकायला मिळतं, "कार्बोरेटर जाम झालाय. हल्लीचं पेट्रोलच तसलं."

हे निम्मं खरं आहे. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे पडून राहणाऱ्या इंजिनांचे काही त्रास नक्की वाढले. पण त्यातले बहुतेक त्रास गाडी उभी करताना अर्धा तास दिला तर टळतात. तो अर्धा तास कुठे द्यायचा, तेवढं कळायला हवं. लोक टाकीची काळजी करतात. खरा घोटाळा होतो तो कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, खालच्या वाटीत, जिथे जेमतेम दोन-चार चमचे पेट्रोल असतं.

हा लेख मुख्यतः कार्बोरेटरच्या मोटरसायकली आणि स्कूटर, गवत कापायचे ब्रश कटर आणि छोटे जनसेट यांच्यासाठी आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचा भाग वेगळा दिला आहे. त्यांचे नियम काही बाबतीत अगदी उलटे आहेत.

आधी पेट्रोलबद्दल थोडं

भारतात पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला २००३ साली सुरुवात झाली. १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, निवडक पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर नेहमीचंच पेट्रोल झालं. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबर, सील, पाइप ई२० साठी योग्य असतात. त्याआधीच्या गाड्या आणि विशेषतः जुनी छोटी इंजिनं वेगळ्या पेट्रोलसाठी बनली होती. ब्रश कटर, पंप, जनसेट यांच्या जुन्या पुस्तिका काढून बघा, बहुतेकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं सापडेल.

ब्राझीलमध्ये कितीतरी वर्षं २७ टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालत होतं, ऑगस्ट २०२५ पासून ते ३० टक्के झालं. तिथे रोज पळणाऱ्या गाड्या रस्त्यात बंद पडून राहत नाहीत. रोजच्या गाडीला फरक पडतो तो मुख्यतः अॅव्हरेजमध्ये, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. पडून राहणाऱ्या इंजिनाचं दुखणं वेगळं आहे.

बिघाड तीन, औषधं तीन

पहिला बिघाड चिकट्याचा. पेट्रोल म्हणजे अनेक हलक्या-जड घटकांचं मिश्रण. हलके घटक आधी उडून जातात, आणि तेच थंड इंजिन पेटवायला लागतात. जे उरतं त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पिवळट-तपकिरी चिकटा तयार होतो. हे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमध्येही होतं, आपल्या आजोबांच्या स्कूटरमध्येही होत होतं. कार्बोरेटरच्या वाटीला हवेची नळी असते, त्यामुळे तिथलं पेट्रोल महिन्या-दोन महिन्यांत जवळजवळ सुकतं आणि मागे राहिलेला चिकटा स्लो जेटच्या (मंद गतीला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक पितळी तोटीच्या) भोकात बसतो. ते भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. म्हणूनच पडून राहिलेल्या गाडीची सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार अशी असते: चोकवर चालू होते, चोक काढला की बंद.

दुसरा बिघाड पाण्याचा, आणि इथे इथेनॉलचा हात स्पष्ट आहे. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही, थेंब होऊन तळाला बसतं. इथेनॉल मात्र पाण्याला धरून ठेवतं. ई१० पेट्रोल लिटरमागे साधारण ५ मिलि पाणी स्वतःत सामावून घेतं, ई२० त्याहून जास्त. त्या मर्यादेपर्यंत हे चांगलंच आहे, कारण थोडंफार पाणी पेट्रोलबरोबर जळून जातं. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी एकटं खाली बसत नाही, बरंचसं इथेनॉल सोबत घेऊन बसतं. टाकीत ५ लिटर ई२० असेल तर त्यात १ लिटर इथेनॉल आहे. वेगळं झालं की त्यातला मोठा भाग आणि पाणी असा एक थर तळाशी जमतो. इंजिनाकडे जाणारं तोंड तळाशीच असतं, म्हणजे पहिला घोट त्याच थराचा. तो थर पेटत नाही आणि लोखंड, जस्त, अॅल्युमिनियम सगळ्याला गंज लावतो. वर उरलेल्या पेट्रोलचं इथेनॉल गेलेलं असल्यामुळे त्याचा ऑक्टेनही (इंजिनात ठोके न देता जळण्याची क्षमता) घसरतो.

थंडीत ही मर्यादा खाली येते. नोव्हेंबरात एकजीव असलेलं पेट्रोल निफाडकडच्या एक आकडी तापमानाच्या रात्री वेगळं होऊ शकतं. कोकणात एवढी थंडी नसते, तिथे त्रास पावसाळी दमटपणाचा.

पण एक गोष्ट सांगायला हवी, कारण याबाबत फार अतिशयोक्ती चालते. झाकण नीट बसलेल्या, बऱ्यापैकी भरलेल्या टाकीत नुसत्या हवेतून इतकं पाणी सहज येत नाही. तळाशी थर सापडला तर पाणी बहुतेक वेळा झाकणातून आलेलं असतं: फाटलेलं रबर, तुंबलेली निचऱ्याची नळी, गाडी धुताना प्रेशरचा फवारा, किंवा पागोळीखाली उभी केलेली गाडी. पेट्रोलला शिव्या घालण्याआधी झाकण बघा.

तिसरा बिघाड रबर आणि धातूचा. जुन्या पद्धतीचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि नंतर सुकून कडक होतं. फ्लोट नीडलच्या (वाटी भरली की पेट्रोल थांबवणाऱ्या सुईच्या) टोकाचं रबर फुगलं की पेट्रोल थांबत नाही, ओव्हरफ्लो होतो. कार्बोरेटरच्या आत पांढरी भुकटी दिसली तर ती धातूची झीज आहे. शिवाय इथेनॉल जुनी घाण सोडवतं. वर्षानुवर्षं टाकीच्या आतल्या बाजूला चिकटलेला गंज आणि मळ सुटून फिल्टरमध्ये येतो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, घरच्या घरी

१०० मिलि खुणांची काचेची उभी नळी घ्या, शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी. त्यात १० मिलि पाणी घाला आणि वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल. तोंड बंद करून हलवा, दाब सुटण्यासाठी एकदा तोंड उघडा, मग दहा मिनिटं तशीच ठेवा. पेट्रोलमधलं इथेनॉल खाली पाण्यात उतरतं. तळाचा थर १० मिलिवरून २७-२८ मिलिच्या आसपास पोचला तर ९० मिलि पेट्रोलमध्ये १८ मिलि इथेनॉल होतं, म्हणजे २० टक्के. थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. एखादं महागडं पेट्रोल बिनइथेनॉलचं म्हणून घेत असाल तर एकदा असं पडताळून बघा. हे उघड्यावर करा, जवळ विडी-सिगारेट, चूल, गॅस काही नको. वापरलेलं मिश्रण टाकीत परत ओतायचं नाही.

काही जण याच युक्तीने कॅनभर पेट्रोल पाण्याने "धुऊन" इथेनॉल काढतात आणि वरचं पेट्रोल गाडीत घालतात. हे करू नका. पंपावरच्या पेट्रोलचा ऑक्टेन इथेनॉल धरून ठरवलेला असतो. ते काढल्यावर उरलेलं पेट्रोल इंजिनात ठोके देतं, वर त्यात पाण्याचा अंश राहतो तो वेगळाच.

गाडी किती दिवस उभी राहणार?

तीन आठवड्यांपर्यंत काहीच करायची गरज नाही. झाकण बंद, पेट्रोल कॉक बंद, बस्स. एक ते तीन महिने असतील तर कार्बोरेटर रिकामा करा आणि टाकी भरून ठेवा. त्याहून जास्त असेल तर खालचं सगळं करा.

टाकी भरलेली ठेवायची की रिकामी, यावर गॅरेजागणिक मत बदलतं. माझं मत टाकी कशाची आहे त्यावर ठरतं. पत्र्याची असेल तर भरलेली. रिकाम्या पत्र्याला कोकणात एका पावसाळ्यात आतून गंज धरतो, आणि तो गंज काढण्यापेक्षा जुनं पेट्रोल बदलणं कितीतरी सोपं. प्लास्टिकची असेल, ब्रश कटरसारखी, तर पूर्ण रिकामी. भरलेली म्हणजे काठोकाठ नाही. पेट्रोल दर १० अंशाला साधारण १ टक्का फुगतं, म्हणजे १० लिटरला १०० मिलि. दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. आणि भरल्या टाकीची गाडी चूल किंवा समई असलेल्या जागेजवळ ठेवू नका, हे सांगायला लागू नये पण पडवीत असं दिसतं.

कार्बोरेटरची गाडी उभी करताना

१. शेवटच्या दिवशी ताजं पेट्रोल भरा. चार महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असेल तर बाजारात मिळणारं फ्युएल स्टॅबिलायझर बाटलीवरच्या प्रमाणात आधी टाकीत ओता आणि वर पेट्रोल घाला, म्हणजे मिसळतं. नंतर पाच-सात किलोमीटर गाडी फिरवा. स्टॅबिलायझर पेट्रोल जुनं होण्याचा वेग कमी करतो. झालेलं जुनं पेट्रोल ताजं करत नाही आणि पाणीही काढत नाही. "पाणी घालवणारं" म्हणून जे द्रव विकतात, त्यातले बरेचसे स्वतःच अल्कोहोल असतात. ई२० मध्ये आधीच २० टक्के अल्कोहोल आहे, आणखी चमचाभर घालून काय होणार?

२. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी लावा. पेट्रोल कॉक बंद करा आणि इंजिन चालू ठेवा. एक-दोन मिनिटांत आचके देत बंद पडेल. बंद पडताना चोक ओढलात तर आणखी थोडं पेट्रोल वापरलं जातं.

३. इथे बहुतेक जण थांबतात, आणि इथेच चुकतं. इंजिन बंद पडलं म्हणजे वाटी रिकामी झाली असं नाही. जेट वाटीच्या तळापासून थोडे वर असतात, खाली चमचा-दीड चमचा पेट्रोल राहतंच. इंजिन गार होऊ द्या. मग वाटीच्या खालच्या बाजूला ड्रेन स्क्रू शोधा. त्याच्या शेजारी एक छोटी नळी असते, खाली काचेची बाटली धरा, स्क्रू दोन आटे सैल करा, राहिलेलं पेट्रोल उतरू द्या. काच यासाठी की त्यात पाण्याचे थेंब, गंजाची भुकटी काय आहे ते लगेच दिसतं. स्क्रू परत लावताना जोर लावू नका, त्या मऊ धातूचे आटे झटकन जातात.

काही स्कूटरमध्ये हाताने बंद करायचा कॉक नसतो, इंजिनाच्या ओढीवर उघडणारा कॉक असतो. तिथे इंजिन चालवून वाटी रिकामी होणार नाही. सरळ ड्रेन स्क्रू उघडा, इंजिन बंद असेल तर कॉकही बंदच असतो.

४. टाकीचं झाकण. टाकीत बसवलेलं, वरून सपाट दिसणारं झाकण असेल तर ते उघडा आणि कडेच्या खाचेत बारीक भोक शोधा. पावसाचं पाणी त्या भोकातून नळीने खाली जायला हवं. धूळ-चिखलाने ते तुंबलं की पाणी झाकणाभोवती साचतं आणि झाकण उघडलं की टाकीत. बारीक तार आणि फुंकर, एवढंच काम आहे. खाली नळीचं टोक कुठे निघतं तेही बघा. गावाकडे कुंभारीण माशीला अशी टोकं फार आवडतात, ती मातीने बुजवून आत घर करते. ओव्हरफ्लोची नळी, वाटीची हवेची नळी, सायलेन्सरचं तोंड, सगळ्यांवर जाळीचा तुकडा किंवा कापड बांधा आणि लाल दोरी लोंबती ठेवा, म्हणजे चालू करताना काढायचं लक्षात राहील. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर बदला.

५. सहा महिन्यांच्या वर उभी राहणार असेल तर प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल सोडा, किक हळू दोन-तीनदा दाबा, प्लग परत लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

आता तो प्रसिद्ध सल्ला: "आठवड्यातून एकदा कोणाला तरी दोन मिनिटं चालू करायला सांग." शेजारच्या पोराला सांगून ठेवलेलं असतं आणि ते बिचारं करतंही. पण दोन मिनिटांत इंजिन तापत नाही. जळणातून तयार झालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते, बॅटरीतून गेलेला करंट परत भरत नाही, आणि तुम्ही काळजीपूर्वक रिकामी केलेली वाटी पुन्हा भरली जाते. त्या मुलाला सांगायचंच असेल तर पंधरा-वीस मिनिटं गाडी रस्त्यावर चालवून आण म्हणावं. ते जमणार नसेल तर हातच लावू नको.

फ्युएल इंजेक्शनची गाडी

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यावर जवळजवळ सगळ्या नव्या दुचाकी इंजेक्शनच्या झाल्या. यात वाटी नाही, उघड्या हवेशी संबंध कमी, त्यामुळे चिकट्याचा त्रास बराच कमी. पण पेट्रोल पंप टाकीतच बुडलेला असतो आणि तो पेट्रोलनेच थंड होतो. म्हणून ही गाडी कधीही पेट्रोल संपेपर्यंत चालवून उभी करायची नाही. टाकी भरून, स्टॅबिलायझर घालून, पाच किलोमीटर चालवून उभी करा. यांचा कमकुवत दुवा बॅटरी. किक नसेल तर बॅटरी बसली की खेळ संपला, म्हणून ती काढून घरात ठेवा आणि दीड-दोन महिन्यांनी चार्ज करून घ्या.

परत चालू करताना चावी फिरवून लगेच सेल्फ मारू नका. चावी ऑन केली की पंपाचा दोन-तीन सेकंद "सूं" असा आवाज येतो. तो थांबला की चावी बंद. असं तीन-चार वेळा करा म्हणजे दाब तयार होतो, मग सेल्फ. आवाजच आला नाही तर बॅटरी आणि फ्यूज बघा. ते ठीक असतील तर पंप अडकला आहे आणि गाडी गॅरेजला न्यावी लागेल.

ब्रश कटर, होडीचं इंजिन, जनसेट

ब्रश कटर वर्षातून जेमतेम दोन-तीन महिने चालतो. पावसाळा सरता सरता काजू-आंब्याच्या बागेची बेणणी झाली की पडवीच्या खुंटीला. याचं इंजिन टू-स्ट्रोक असेल तर एक धोका जास्त आहे, आणि तो महागात पडणारा आहे. टू-स्ट्रोकला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या २टी ऑइलमधून. पाण्यामुळे थर वेगळे झाले तर ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि इंजिनात जातो तो तळाचा ऑइल नसलेला थर. इंजिन त्यावर थोडा वेळ जरी चाललं तरी पिस्टन सीझ होऊ शकतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसू शकतो. मोटरसायकल फक्त बंद पडते, कटरचा खर्चच उभा राहतो.

म्हणून मिश्रण त्या दिवसापुरतं करा. पुस्तिकेत १:५० असेल तर लिटरला २० मिलि ऑइल, १:२५ असेल तर ४० मिलि. मशीनच्या टाकीत नव्हे, वेगळ्या डब्यात घालून हलवा. महिनाभरापूर्वीचं मिश्रण वापरायचं नाही. पेट्रोल आणायला धातूचा घट्ट झाकणाचा डबा वापरा, पाण्याच्या बाटल्या नकोत.

हंगाम संपला की टाकी पूर्ण ओतून काढा. प्रायमरचा रबरी फुगा दाबत राहा, त्यात पेट्रोल दिसेनासं होईपर्यंत. मशीन चालू करा आणि मंद गतीवर चालू देऊन बंद पडू द्या, मग चोक लावून दोरी दोन-तीनदा ओढा. प्लग काढून काही थेंब २टी ऑइल सोडा, दोरी सावकाश ओढा, प्लग लावा. कटरच्या कार्बोरेटरमध्ये वाटी नसते, पातळ रबरी पडदा असतो, आणि इथेनॉलने तो आणि टाकीतली नळी दोन्ही खराब होतात. नळी बोटाने दाबून बघा. चिकट किंवा काडीसारखी कडक लागली तर हंगामापूर्वीच बदला. हा स्वस्त भाग आहे. ती टाकीत तुटली तर इंजिन हवा ओढतं, मिश्रणात ऑइल-पेट्रोल कमी पडतं आणि पुन्हा सीझ होण्याची भीती.

मालवण-तारकर्लीकडच्या पर्यटनाच्या होड्यांची आउटबोर्ड इंजिनं पावसाळ्यात बंद असतात. मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. इंजिनाची पद्धत वरचीच, फरक टाकीचा. तिची हवेची खीळ उघडी राहिली तर खारी दमट हवा थेट आत जाते. टाकी रिकामी करून, खीळ आवळून, घरात ठेवा. नळी इंजिनापासून सोडवा.

जनसेटला कॉक बंद, इंजिन कोरडं, ड्रेन स्क्रू, एवढं पुरतं. वाटीचा ड्रेन स्क्रू यात फार सहज हाताला येतो, त्यामुळे न करण्याला सबब नाही.

सहा महिन्यांनी चालू करताना

आधी नाक वापरा. झाकण उघडल्यावर ताज्या पेट्रोलचा झणका येण्याऐवजी वॉर्निशसारखा, आंबूस वास आला तर पेट्रोल जुनं झालंय. मग तळाचा नमुना घ्या. कॉक बंद असतानाच नळी काढा, मग कॉक रिझर्ववर करून पाव लिटरभर काचेच्या बाटलीत घ्या. रिझर्ववर, कारण ऑनवर असताना पेट्रोल थोडं वरच्या नळीतून येतं, तळाचं येत नाही. (म्हणूनच जी गाडी ऑनवर धावते आणि रिझर्वला आली की बंद पडते, तिच्या टाकीत पाणी आहे असं आधी समजावं.) अर्धा तास ठेवून बाटलीत मधे रेष दिसते का बघा.

रेष नसली तरी घाई नको. सगळी बाटली तळाच्या थरानेच भरली असेल तर ती एकसारखीच दिसेल. त्यातलं थोडं वेगळ्या ग्लासात घेऊन चमचाभर पाणी टाका. पाणी वेगळं बसलं तर ते पेट्रोल. पाणी खुणही न ठेवता मिसळून गेलं तर ते इथेनॉल-पाणी आहे, आणि पूर्ण टाकी उतरवायला हवी. वेगळं झालेलं पेट्रोल हलवून एकजीव होत नाही, त्यात ताजं घालून निभावायचा प्रयत्नही नको.

पाणी नसेल आणि पेट्रोल नुसतं जुनं असेल तर ते फेकायची गरज नाही. एक भाग जुनं आणि चार भाग ताजं असं करून रोजच्या फोर-स्ट्रोक गाडीत हळूहळू वापरून टाका. टू-स्ट्रोकमध्ये नाही.

आता कापड-जाळ्या काढा, ऑइलची पातळी बघा, ताजं पेट्रोल घाला, कॉक उघडून मिनिटभर थांबा. वाटी भरायला तेवढा वेळ लागतो. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळायला लागलं तर फ्लोट नीडल अडकली आहे. वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन हलके ठोके द्या, बऱ्याचदा सुटते. तरी गळत असेल तर कॉक बंद करून नीडल बदला. काही इंजिनांत हे पेट्रोल आत ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली किंवा ऑइलला पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू न करता ऑइल बदला.

गळत नसेल तर पूर्ण चोक, अॅक्सिलरेटर न पिळता किक. सात-आठ किकमध्ये काही हालचाल नाही तर प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, प्लग पुसून किंवा बदलून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. टाकीचं झाकण उघडं ठेवून पुन्हा किक मारा. असं केल्यावर चालू झाली तर झाकणाची हवेची वाट बुजलेली आहे.

चोकवर चालते आणि चोक काढला की बंद, ही परिस्थिती असेल तर कार्बोरेटर उतरवावाच लागेल. वाटी काढा, स्लो जेट आणि मेन जेट बाहेर काढा, कार्ब क्लीनर मारून दहा मिनिटं ठेवा आणि कॉम्प्रेसरची हवा द्या. जेट उजेडाकडे धरला की भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. स्टीलची पिन किंवा सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ती गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिणार. वायरीतला तांब्याचा एक बारीक तंतू चालतो. एअर स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आवळायला किती फेरे लागतात ते मोजून ठेवा आणि लावताना तेवढाच सोडा. क्लीनर मारताना रबरी भाग बाजूला काढा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा.

जुन्या गाडीत काय बदलावं

सगळं एकदम बदलायची गरज नाही. पेट्रोलची नळी, नीडल, वाटीची गॅस्केट आणि झाकणाचं रबर, एवढ्याने बहुतेक काम होतं. नळी घेताना तिच्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असेल तर ती इथेनॉलला टिकते. दुकानातली पारदर्शक प्लास्टिकची नळी दिसायला छान असते, पण लवकर पिवळी पडून कडक होते. सील आणि ओ-रिंग विटॉनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या) मिळाल्या तर घ्या. टाकीला आतून पूर्वी कोणी लेप लावला असेल तर तो मात्र तपासा. जुने काही लेप इथेनॉलने सुटतात आणि त्याचे पापुद्रे कॉकमध्ये येऊन बसतात. टाकीला आता लेप द्यायचाच असेल तर ई२० ला चालणारा आहे का ते डब्यावर वाचूनच घ्या.

तळाचा थर आणि खराब झालेलं पेट्रोल गटारात, विहिरीजवळ किंवा खळ्यात ओतू नका, आणि पालापाचोळा पेटवायला तर मुळीच वापरू नका. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढणाऱ्याच्या पायापर्यंत येऊन मग पेटते. घट्ट डब्यात भरून, वर "खराब पेट्रोल" लिहून, टाकाऊ इंधन घेणाऱ्या गॅरेजला द्या. जळक्या ऑइलच्या पिंपात मिसळू नका, ते पिंप उचलणाऱ्याला आत पेट्रोल असेल याची कल्पना नसते.